तारणाची खात्री, कृपा आणि भीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा उपासना संपल्यावर, बाकीचे लोक बाहेर पडले की हळू आवाजात विचारले जातात. विचारणाऱ्यांत नवे विश्वासणारे असतात, तसेच तीस-चाळीस वर्षे मंडळीत सेवा केलेले लोकही असतात. उत्तरे पवित्र शास्त्राच्या आधारे दिली आहेत. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात हाच वाद पूर्वी कसा झाला, तेही जागोजागी सांगितले आहे, कारण त्यामुळे बऱ्याच गाठी सुटतात.

मी येशूवर विश्वास ठेवतो, तरी मेल्यावर नरकात जाईन अशी धास्ती वाटते. माझा विश्वास खोटा आहे का?

एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. प्रेस्बिटेरियन मंडळ्या ज्याला आजही मान देतात, त्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराच्या अठराव्या अध्यायात हे स्पष्ट लिहिले आहे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही पक्की खात्री मिळण्याआधी फार दिवस वाट पाहावी लागू शकते, आणि मिळालेली खात्रीसुद्धा डळमळू शकते, असे तो अध्याय म्हणतो. तारण, म्हणजे पापापासून आणि त्याच्या शिक्षेपासून सुटका, विश्वासाने मिळते आणि ते मिळाल्याची जाणीव कधी लगेच होते, कधी उशिरा.

धास्ती वाटू लागली की आपण स्वतःलाच तपासू लागतो. माझा पश्चात्ताप पुरेसा खोल होता का? त्या दिवशी मी मनापासून प्रार्थना केली होती का? या तपासणीला अंत नाही, कारण आज बरे वाटलेले उत्तर उद्या पुरत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातल्या बापाने आपल्या मुलासाठी येशूपाशी येताना अर्धा विश्वास आणि अर्धा अविश्वास दोन्ही सोबत आणले आणि तसे बोलूनही दाखवले. येशूने त्याला परत पाठवले नाही. वधस्तंभावरच्या चोराला तर आज्ञापालन करून दाखवायला एक दिवसही मिळाला नाही.

तेव्हा ‘माझा विश्वास किती’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘ख्रिस्ताने काय केले’ हा प्रश्न हातात घ्या. तारण त्याच्या करणीवर उभे आहे.

भीती दाखवल्याशिवाय लोक सुधारतात का? येशूनेही नरकाचा इशारा दिला आहे ना?

दिला आहे, आणि तो गाळून केलेला उपदेश अपुरा आहे. पण येशूने सर्वांत कठोर शब्द कोणासाठी वापरले ते पाहा. स्वतःला नीतिमान समजणाऱ्या आणि लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादणाऱ्या धर्मपुढाऱ्यांसाठी. थकल्याभागल्यांना त्याने ‘माझ्याकडे या’ म्हटले. आपल्याकडच्या काही व्यासपीठांवर याच्या उलट चालते. जो आधीच रडत बसला आहे त्याच्यावर शाप, आणि जो निर्धास्त आहे त्याच्याकडे दुर्लक्ष.

भीतीने माणूस दचकून जागा होतो, हे खरे. ८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात एनफिल्ड गावी पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी देवाच्या क्रोधावर केलेल्या प्रवचनात लोक मध्येच आक्रोश करू लागले होते. ते प्रवचन जगभर गाजले. पण याच एडवर्ड्सनी पाच वर्षांनी, १७४६ साली, खऱ्या-खोट्या धार्मिक भावनांची बारकाईने छाननी केली. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की नरकाची दहशत बसणे हा कृपेचा पुरावा नव्हे. हे दुसरे लेखन आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

दहशतीने हात थांबतो, मनातली ओढ तशीच राहते. शिक्षेला भिऊन दारू सोडलेला माणूस मनाने गुत्त्यातच असतो. त्यातून लपवाछपवी येते. मंडळीत एक चेहरा आणि घरी दुसरा.

मग ‘देवाचे भय’ म्हणजे काय? ते ठेवायचे नाही का?

ठेवायचेच. १३०व्या स्तोत्रात म्हटले आहे की देवाजवळ क्षमा आहे, म्हणून लोक त्याचे भय धरतात. क्षमा आधी आणि भय नंतर, हा क्रम लक्षात घ्या. शिक्षेची दहशत माणसाला देवापासून दूर पळवते, जसा आदाम झाडांमागे लपला. क्षमा मिळालेल्याचे भय त्याला देवाच्या जवळ ठेवते. योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात पूर्ण प्रीती भीतीला बाहेर घालवते असे म्हटले आहे, आणि तिथे कोणती भीती तेही सांगितले आहे : शिक्षेशी जोडलेली.

आधी पाप सोडायचे की आधी ख्रिस्ताकडे यायचे?

या एका प्रश्नावर स्कॉटलंडची मंडळी १७१७ साली हादरली होती. ती हकिकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

ऑक्टरार्डर येथील प्रेस्बिटरीने, म्हणजे त्या भागातल्या पाळकांच्या आणि वडिलांच्या सभेने, विल्यम क्रेग नावाच्या पाळकपदाच्या तरुण उमेदवाराला एका विधानाला होकार द्यायला सांगितले. विधानाचा आशय असा : ख्रिस्ताकडे येण्यासाठी आणि देवाच्या करारात सामील होण्यासाठी माणसाने आधी पाप सोडले पाहिजे, असे शिकवणे योग्य नाही. क्रेगला ते पटेना आणि प्रकरण मंडळीच्या सर्वोच्च सभेपुढे, म्हणजे जनरल असेंब्लीपुढे गेले. असेंब्लीने ते विधान अत्यंत घृणास्पद ठरवले.

त्या सभेत एट्रिकचे पाळक टॉमस बॉस्टन बसले होते. विधानाची शब्दरचना त्यांनाही सदोष वाटत होती. पण आत दडलेले सत्य पायदळी तुडवले जात आहे, हे त्यांना टोचले. पाप सोडण्याचे बळ ख्रिस्तातच मिळते, तर ते सोडून मग त्याच्याकडे ये असे पाप्याला सांगण्यात अर्थ काय? असा माणूस कधीच येणार नाही. किंवा स्वतःला पुरेसा स्वच्छ समजून येईल, आणि ते जास्त वाईट.

बॉस्टनना पूर्वी सिमप्रिन गावी असताना एका सैनिकाच्या घरी एक जुने पुस्तक सापडले होते. १६४५ साली लंडनमध्ये छापलेले ‘द मॅरो ऑफ मॉडर्न डिव्हिनिटी’. त्यात चौघांचा संवाद आहे. एक सुवार्तेचा सेवक, एक नियमाला चिकटलेला, एक नियम झुगारणारा आणि एक नवखा विश्वासणारा. या पुस्तकाने बॉस्टनचा उपदेशच बदलून गेला होता. असेंब्लीत त्यांनी शेजारी बसलेल्या पाळकाकडे त्याचा उल्लेख केला. बोलता बोलता ते नाव पसरले आणि १७१८ मध्ये कार्नॉकचे पाळक जेम्स हॉग यांनी ते पुन्हा छापून घेतले.

विरोध लगेच उभा राहिला. सेंट अँड्र्यूजचे प्राचार्य जेम्स हॅडो यांनी पुस्तकावर हल्ला चढवला, आणि १७२० च्या असेंब्लीने त्याचा निषेध करून पाळकांना त्याची शिफारस करण्यास मनाई केली. निषेधाच्या मुद्द्यांतला एक आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. शिक्षेची भीती आणि बक्षिसाची आशा ही विश्वासणाऱ्याच्या आज्ञापालनाची कारणे असू नयेत, असे हे पुस्तक शिकवते, हा तो आरोप. दुसरा आरोप असा की खात्री हा विश्वासाचाच भाग आहे असे ते सांगते.

बारा पाळकांनी १७२१ मध्ये विरोधी अर्ज दिला. बॉस्टन त्यांत होते, एबेनेझर आणि राल्फ अर्स्किन हे भाऊही होते. १७२२ मध्ये सर्वांना समज देण्यात आली. बॉस्टननी पुढे १७२६ मध्ये स्वतःच्या टिपा जोडून ते पुस्तक पुन्हा आणले. बंदीमुळे ते उलट जास्त वाचले गेले.

मला या प्रकरणात बॉस्टनची बाजू बरोबर वाटते. असेंब्लीतले लोक दुष्ट नव्हते. कृपेच्या नावाखाली शिथिलता येईल अशी त्यांना खरी काळजी होती. पण त्या काळजीपोटी त्यांनी ख्रिस्ताच्या दारात एक उंबरठा बांधला, आणि तो ओलांडण्याची अट पाप्यावर घातली.

कृपेवर एवढा भर दिला तर लोक मोकाट सुटतील ना?

पौलालाही हेच विचारले गेले होते. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, हा रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचा पहिलाच प्रश्न आहे. ज्या उपदेशावर हा आक्षेप कधीच येत नाही, तो पौलाचा उपदेश आहे का, हे तपासून पाहावे. पौलाने उत्तर देताना धमकी दिली नाही. तुम्ही ख्रिस्ताबरोबर मरून उठलेले आहात, तर पापात पुढे कसे जगाल, असे त्याने विचारले. तीताच्या पत्रात तर तो म्हणतो की अभक्ती सोडायला आपल्याला कृपाच शिकवते.

नियमाला चिकटलेला आणि नियम झुगारणारा वरवर उलट दिसतात, पण दोघांचा देवाविषयीचा समज एकच असतो. आज्ञा म्हणजे सुख हिरावून घेणारी गोष्ट, असे दोघेही मानतात. एक ती भीतीने पाळतो, दुसरा फेकून देतो. आज्ञा देणारा आपला बाप आहे आणि त्याने आपल्यासाठी पुत्र दिला, हे दोघांनाही उमगलेले नसते. म्हणूनच कडक शिस्तीच्या घरांत वाढलेली मुले पुष्कळदा एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला जातात.

विश्वासाची शिकवण प्रश्नोत्तरांतून देणाऱ्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत दहा आज्ञा कुठे ठेवल्या आहेत तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या भागात माणसाची दुर्दशा, दुसऱ्यात सुटका, आणि आज्ञांचे विवरण तिसऱ्या भागात. त्या भागाचे नावच कृतज्ञता.

मी बाप्तिस्मा घेतला, उपास-प्रार्थना करते, सेवाही करते, तरी शांती नाही. काय कमी पडते?

पंडिता रमाबाईंचा अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे. बालपणी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, व्रते, उपास, दानधर्म हे सगळे त्यांनी केले आणि पाहिले होते. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी आपली लहान मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. बाहेरून पाहणाऱ्याला इथे शोध संपला असे वाटेल.

रमाबाईंनी स्वतः पुढे साक्ष दिली ती वेगळी आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नाही. कॉर्नवॉलमधले पाळक विल्यम हॅसलम यांची आत्मकथा वाचून त्या अंतर्मुख झाल्या. हॅसलम स्वतःच्या व्यासपीठावर प्रवचन करता करता पालटलेले पाळक होते. चांगले वागून, विधी पाळून, मनाने धर्म स्वीकारून आपण देवाला पसंत पडू, ही धडपड रमाबाईंनी सोडून दिली आणि जशा आहोत तशा ख्रिस्तावर विसंबल्या.

त्यानंतर त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणि विधवांना वाचवून आणले. केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. मूळ भाषा शिकून त्यांनी सगळे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला घेतले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये छापून झाले. शारदा सदन त्यांनी आधीच काढले होते, म्हणजे कष्टाळूपणा मुळातलाच. पण या कष्टांवर आपले तारण ठरायचे आहे, हा भार उतरला होता.

मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांचेही असेच झाले. ऑक्सफर्डमध्ये असताना ते आठवड्यातून दोन दिवस उपास करत, तुरुंगात कैद्यांना भेटत. १७३६ च्या जानेवारीत अमेरिकेला जाताना समुद्रात वादळ झाले आणि हा तरुण पाळक मरणाला भ्याला. जहाजावरचे मोरेव्हियन पंथाचे ख्रिस्ती लोक मात्र शांतपणे गात राहिले. २४ मे १७३८ ला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत त्यांना खात्री मिळाली. नंतर वेस्ली दासाचा विश्वास आणि पुत्राचा विश्वास असा फरक करत. दासालाही ते हीन मानत नसत. पुढे चल, तिथे थांबू नकोस, एवढेच सांगत.

‘माझे तारण झाले आहे’ असे म्हणणे गर्वाचे नाही का?

रोमन कॅथलिक मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली असे ठरवले की आपल्याला कृपा मिळाली आहे हे कोणालाही विश्वासाच्या अचूक खात्रीने कळू शकत नाही. त्यामागे हाच प्रश्न होता, आणि तो हलका नाही.

पण गर्व कशाचा, ते पाहू. लूकाच्या अठराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या परूश्याकडे, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाकडे, दोन आधार होते, आठवड्यातून दोनदा उपास आणि दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणे. त्याची खात्री गर्वाची होती, कारण ती त्याच्या स्वतःच्या हिशेबावर होती. जकातदाराजवळ दाखवायला काहीच नव्हते आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला. मी पुरेसा चांगला आहे म्हणून वाचलो, असे म्हणणे गर्व. ख्रिस्त पुरेसा आहे म्हणून वाचलो, असे म्हणण्यात स्वतःची बढाई कुठे येते? योहानाने आपले पहिले पत्र लिहिण्याचे कारणच सांगितले आहे : विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे कळावे.

इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय वाचला की झोप उडते. पाप केले की तारण जाते का?

त्या अध्यायात विश्वास सोडून पतित होण्याचा जो इशारा आहे, त्याचा अर्थ मंडळ्या वेगवेगळा लावतात. मेथडिस्ट परंपरा म्हणते की माणूस विश्वास सोडून खरोखर दूर जाऊ शकतो. प्रेस्बिटेरियन परंपरा म्हणते की देव आपल्या लोकांना शेवटपर्यंत राखतो. पण काल रागाने बोललात म्हणून आज तारण गेले, असे या दोन्हींतली कोणतीच परंपरा शिकवत नाही.

ते पत्र छळाला कंटाळून ख्रिस्ताला पूर्णपणे सोडून मागे फिरण्याच्या बेतात असलेल्यांना लिहिले आहे. पडून पुन्हा त्याच्याकडेच रडत येणाऱ्याचे ते वर्णन नव्हे. उपदेशक पुष्कळदा आठव्या वचनावर थांबतात, तिथे काटेकुसळे जाळण्याची गोष्ट आहे. नवव्यात लेखक म्हणतो की तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे, आणि अध्याय संपतो तो जहाजाच्या नांगरासारखी जिवाला धरून ठेवणाऱ्या आशेजवळ. पुढच्या वेळी पूर्ण अध्याय एका दमात वाचा.

पेत्राने येशूला तीनदा नाकारले. पण त्याने नाकारण्याआधीच, त्याचा विश्वास ढळू नये म्हणून येशूने प्रार्थना केली होती.

‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ असे लिहिले आहे, त्याचे काय?

फिलिप्पैकरांस २:१२. वाक्य तिथे संपत नाही. तेराव्या वचनात कारण दिले आहे : इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी देवच साधून देतो. तो आत काम करतो आहे, म्हणून कापत.

दशांश चुकला म्हणून घरात आजार आला, असे सांगण्यात आले. खरे आहे का?

नाही. इथे मी मवाळपणे बोलणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या पाकिटाचा हिशेब काढणे, हा सुवार्तेचा अपमान आहे.

मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातला दशांशाविषयीचा शाप नियमशास्त्राच्या कराराखालच्या इस्राएलाला उद्देशून आहे. गलतीकरांस ३:१३ म्हणते की ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापापासून विकत घेऊन सोडवले. सोडवलेल्यांवर तोच शाप पुन्हा कोण घालणार? दान द्यायचेच आहे, पण पौल करिंथकरांना सांगतो तसे, कुरकुरत किंवा जुलमाने नव्हे. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, तेव्हा येशूने याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही असे उत्तर दिले.

वर ज्या बॉस्टनविषयी सांगितले, त्यांच्या दहा मुलांपैकी सहा त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पत्नी कॅथरीन वर्षानुवर्षे मनाच्या आजाराने अंथरुणाला खिळलेली होती. अशा घरावर शापाचा शिक्का मारणाऱ्याने, दुःखात बुडालेल्या ईयोबाला दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांना देव शेवटी काय म्हणाला, ते वाचावे.

मी प्रभुभोजन घेत नाही. अयोग्यपणे घेतले तर दंड होईल अशी भीती वाटते.

स्कॉटलंडच्या हायलँड भागात याच भीतीमुळे भरलेल्या मंडळ्यांत भोजन घेणारे मोजकेच असत. पण पौलाने हा इशारा ज्या करिंथच्या मंडळीला दिला, तिथे काय घडत होते? श्रीमंत आधी येऊन खातपीत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौलाचा राग त्यावर होता. आणि आत्मपरीक्षेनंतर काय करावे असे तो म्हणतो? भाकर खावी आणि प्याल्यातून प्यावे. परीक्षा करून उठून जावे असे तो म्हणत नाही. भाऊबंदाशी वैर असेल तर जाऊन मिटवा. आणि मग या.

मी क्षमा न होणारे पाप केले आहे, असा विचार डोक्यातून जातच नाही.

मार्काच्या तिसऱ्या अध्यायात ज्यांना हा इशारा मिळाला, ते येशूचे चांगले काम डोळ्यांनी पाहून त्याला सैतानी म्हणत होते, आणि त्यांना त्याची जराही खंत नव्हती. तुम्हाला खंत आहे, यावरूनच तुमची गोष्ट वेगळी आहे.

पण तोच विचार रात्रंदिवस फिरत राहत असेल, प्रार्थना पुन्हा पुन्हा ‘नीट’ करावी लागत असेल, झोप आणि जेवण तुटले असेल, तर हा मनाचा आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जीव द्यावा असे वाटत असेल तर आजच, आताच कोणाला तरी सोबत बोलावा आणि दवाखाना गाठा. इंग्रज कवी विल्यम कूपर यांनी ख्रिस्ताच्या रक्ताने होणाऱ्या शुद्धीविषयी लिहिलेले गीत जगभरच्या मंडळ्या गातात. तेच कूपर १७७३ पासून १८०० मध्ये मरेपर्यंत स्वतःला देवाने टाकून दिले आहे असे समजत राहिले. त्यांचे मित्र, पाळक जॉन न्यूटन यांनी त्यांना अविश्वासी ठरवले नाही. त्यांची सोबत केली.

लहान मुलांना नरकाविषयी सांगावे का?

विचारले तर खरे सांगावे. पण मस्ती थांबवायला, अभ्यासाला बसवायला देवाचा बागुलबुवा करू नये. येशूने मुलांना जवळ घेतले आणि त्यांना अडवणाऱ्या शिष्यांवर तो रागावला. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, ते मुलांच्या कानांवर आधी पडू द्या.

आमच्या मंडळीत दर रविवारी फक्त धाकच असतो. मंडळी सोडावी का?

लगेच नको. आधी पाळकांना एकटे भेटा आणि शांतपणे विचारा : प्रवचन ऐकून मी ख्रिस्ताकडे पाहत घरी जावे की स्वतःकडे? पुष्कळ पाळक स्वतःच अशा धाकात वाढलेले असतात, आणि त्यांनाही हे कोणी कधी सांगितलेले नसते. रोमकरांस आणि गलतीकरांस ही पत्रे मंडळीत ओळीने शिकवा अशी विनंती करा. तुमच्यासारखे आणखी दोघे-तिघे असतील, त्यांच्याबरोबर घरी ती वाचायला लागा.

मात्र प्रश्न विचारला म्हणून शाप दिला जात असेल, औषध बंद करायला सांगत असतील, पैशाचा किंवा लग्नाचा निर्णय धमकी देऊन करवून घेत असतील, तर निघा. देवाला सोडले असे कोणी म्हटले तरी निघा, आणि दुसऱ्या रविवारी जवळच्या एखाद्या मंडळीत जाऊन बसा.